आइसलँडिकमध्ये क्रियापद नक्की कोणाचं ऐकतं?

हिमकण

नमस्कार मंडळी, इथे कोणी आइसलँडिक शिकलंय का, किंवा तिकडे राहतंय का? नवऱ्याला रेक्याविकला नोकरी लागलीये आणि मी पण जाणार आहे, सगळे म्हणतात तिथे इंग्रजीवर आरामात भागतं पण मला कुठेही गेलं की तिथली भाषा आल्याशिवाय चैन पडत नाही. आइसलँड विद्यापीठाचा आइसलँडिक ऑनलाइन नावाचा फुकट कोर्स आहे तो करतेय.

क्रियापद चालवायला शिकले, तिथपर्यंत सगळं मस्त होतं. येग एर, थू एर्त, हान एर, विद एरुम, थिद एरुद, थेइर एरु. म्हणजे मी आहे, तू आहेस, तो आहे वगैरे. (अक्षरं स्पेलिंगच्या जवळ जातील अशी लिहितेय, खरे उच्चार वेगळे असतात, थ म्हणजे थिंकमधला थ.) बोलणे हे क्रियापद घेतलं तर येग ताला, थू तालार, हान तालार, विद तॉलुम, थिद तालिद, थेइर ताला. आमचा प्रत्यय उम, त्यातल्या उ मुळे आधीचा आ बदलून ऑ होतो, तेही लक्षात आलं.

पण मग "आम्हाला थंडी वाजतेय" हे वाक्य आलं, ओक्कुर एर काल्त. अरे, आम्ही असू तर एरुम पाहिजे ना? इथे एर कसं? बरं म्हटलं असेल अपवाद, तर पुढच्याच पानावर म्येर लीकार हेस्तुरिन म्हणजे मला घोडा आवडतो आणि म्येर लीका हेस्तार्निर म्हणजे मला घोडे आवडतात. मी तर एकटीच आहे, आवडणारी व्यक्ती बदलली नाही मग क्रियापद का बदललं. आणि वर बोनस म्हणजे विकणे या एका क्रियापदाची सेल्दुर, सेल्द, सेल्त, सेल्दिर, सेल्दार अशी पाच रूपं एका तक्त्यात दिलीयेत आणि खाली लिहिलंय "जुळवून घ्या". कोणाशी जुळवून घ्यायचं ते कोणीतरी मराठीत सांगा प्लीज, इंग्रजी पुस्तकातलं स्पष्टीकरण तीनदा वाचलं तरी डोक्यावरून जातंय.

प्रथमान्त

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नका, कारण उत्तर तुमच्याच प्रश्नात तुम्ही दोनदा लिहून ठेवलंय. "मला घोडा आवडतो, मला घोडे आवडतात." मराठीत तुम्ही एकट्याच असून आवडतो चं आवडतात का झालं? तेव्हा तुम्हाला काही खटकलं नाही, कारण मराठीत हे आपण दोन वर्षांचे असल्यापासून करतोय. आइसलँडिकमध्ये जवळजवळ तेच चाललंय.

नियम एकच पक्का धरा. क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, प्रथमा विभक्तीतल्या नामाकडे बघतं. बहुतेक वाक्यांत कर्ताच प्रथमेत असतो म्हणून आपल्याला वाटतं की कर्त्याशी जुळतंय. पण काही क्रियापदांचा कर्ता चतुर्थीत किंवा द्वितीयेत जातो (आइसलँडिकला एकूण चारच विभक्ती, प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी), आणि मग क्रियापद वाक्यात दुसरं कोणी प्रथमेत बसलंय का ते शोधतं. म्येर ही चतुर्थी म्हणजे आपलं "मला", हेस्तार्निर प्रथमा अनेकवचन, म्हणून लीका. आणि ओक्कुर एर काल्त मध्ये प्रथमेत कोणीच नाही, ओक्कुर म्हणजे "आम्हाला", काल्त हे विशेषण, तेव्हा क्रियापद निमूटपणे तृतीयपुरुषी एकवचनात जाऊन बसतं आणि विशेषण नपुंसकलिंगी एकवचनात.

हेही नवीन नाही बघा. शाळेत भावे प्रयोग शिकलो होतो ना, "शिपायाने चोरांना पकडलं". शिपाई पुल्लिंगी, चोर अनेकवचनी, आणि पकडलं मात्र नपुंसकलिंगी एकवचनी, कारण दोघांनाही प्रत्यय लागलाय, जुळायला कोणी उरलंच नाही. आता आइसलँडिक घ्या. वाचवणे या क्रियापदाचं कर्म त्यांच्याकडे चतुर्थीत असतं, आणि कर्मणी वाक्य केलं तरी ते चतुर्थीतच राहतं. स्तेल्पुनुम वार ब्यार्गाद, म्हणजे मुलींना वाचवलं गेलं. मुली अनेकवचनी स्त्रीलिंगी, पण वार एकवचन आणि ब्यार्गाद नपुंसकलिंगी. आपलं "मुलींना वाचवलं" आणि हे वाक्य शेजारी ठेवा, सांगाडा एकच.

सेल्दुर वाल्या तक्त्याचं पण तेच. घोडा विकला गेला, हेस्तुरिन वार सेल्दुर. पुस्तक (त्यांच्याकडे स्त्रीलिंगी) बोकिन वार सेल्द. घर नपुंसक, हूसिद वार सेल्त. अनेकवचनात घोडे सेल्दिर, पुस्तकं सेल्दार, घरं परत सेल्द. विकला, विकली, विकलं, विकले, विकल्या, विकली. गंमत म्हणजे त्यांच्याकडे स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसक अनेकवचन सारखं, आणि आपल्याकडे पण "गाय विकली" आणि "घरं विकली" सारखंच! ह्याचा अर्थ मराठी आणि आइसलँडिक जुळ्या बहिणी असा कोणी काढू नका, आपल्या जुन्या लिखाणात घरें विकलीं असा शेवटी अनुस्वार असायचा, तो गळला म्हणून आता सारखं दिसतं. पण पाठ करायला आयती सोय झाली, तिचा फायदा घ्या.

हाफनारफ्योर्दुरवाला

मी राहतो इकडे, रेक्याविकच्या शेजारीच. वरचं स्पष्टीकरण भारी आहे पण बाई एक धोक्याची पाटी लावून ठेवतो, मराठी डोकं घेऊन आलात तर भूतकाळात शंभर टक्के आपटाल.

आपण म्हणतो "मुलाने पुस्तकं वाचली". क्रियापद पुस्तकांशी जुळतं. आइसलँडिकमध्ये हा ने वाला प्रकार नाहीच. स्त्राउकुरिन लास बाइकुर्नार, मुलगा प्रथमेत, पुस्तकं द्वितीयेत, लास मुलाप्रमाणे एकवचनात. पुस्तकं शंभर असोत. पुस्तकांच्या नादाने अनेकवचनी लाउसु लावलंत की समोरचा शोधत बसेल की वाचणारे बाकीचे कोण. भूतकाळ असो वर्तमान असो, प्रथमा कोण ते बघायचं, काळ बघायचा नाही.

आणि लिंग साध्या क्रियापदाला लागतच नाही. तुम्ही "बोलते", मी "बोलतो", असलं काही नाही, दोघंही येग ताला. लिंग फक्त सेल्दुर, कोमिन्न असल्या विशेषणासारख्या रूपांना. आता "ती आलीये" कसं म्हणाल? हून एर कोमिन. "तो आलाय" हान एर कोमिन्न, शेवटचा न जरा जास्त दाबायचा, लिहिताना दोन न, कानाला सवय व्हायला वेळ लागतो. पण आहे च्या जागी हावा हे दुसरं सहाय्यक क्रियापद वापरलं तर लिंगवचन सगळं बंद. हून हेवुर कोमिद, हान हेवुर कोमिद, दोघांनाही कोमिद. म्हणजे "मी घोडे विकलेत" ला येग हेव सेल्त हेस्ताना, सेल्त च राहणार, घोडे कितीही असोत. मला विचाराल तर सुरुवातीला हावा वर जास्त भर द्या, निम्मी डोकेदुखी जाते.

अजून काही रोजच्या वापरातलं सांगतो. फोल्क म्हणजे लोक, पण व्याकरणाने नपुंसक एकवचन, फोल्किद एर थ्रेइत्त, शब्दशः "लोक दमलं आहे". उलट कॉन्सर्ट एकच असली तरी तोनलेइकार कायम अनेकवचनात, क्रियापद एरु. पँट पण अनेकवचन, कात्री पण, नाताळ पण. यॉलिन एरु कोमिन, नाताळ "आली आहेत". आणि आकड्यांत एक वेडेपणा आहे तो मला फार आवडतो, एकवीस घोडे विकले गेले तर क्रियापद एकवचनात! तुत्तुगु ओग एइन हेस्तुर वार सेल्दुर, म्हणजे वीस आणि एक घोडा विकला गेला. शेवटी एक आला ना, मग घोडा पण एकवचनी आणि क्रियापद पण. बावीस झाले की परत वोरु सेल्दिर. एकतीस, एकेचाळीस, सगळीकडे हेच.

आणि क्रियापदाच्या रूपावरून कोण बोलतंय ते कळतं म्हणून आपल्यासारखं सर्वनाम गाळायला जाऊ नका. आपण "येतोस का?" म्हणून मोकळे होतो, इथे सर्वनाम बोलावंच लागतं, फार तर ते शेपटीला चिकटतं. एर्त थू चं एर्तु होतं.

मास्तर_गुहागर

तीस वर्षं मराठी शिकवली म्हणून थोडं बोलतो, आइसलँडिक मला येत नाही, वर जे लिहिलंय त्यावरूनच. प्रथमान्त, तुमचा भावे प्रयोगाचा दाखला चोख आहे. पण "मला घोडे आवडतात" हा कोणता प्रयोग यावर आमच्याच स्टाफरूममध्ये भांडणं व्हायची. कोणी म्हणायचे घोडे हाच कर्ता, म्हणून सरळ कर्तरी. कोणी म्हणायचे आवडण्याचा अनुभव "मला" येतो, तर कर्ता मी. तुम्ही वर बिनधास्त लिहून टाकलंत की कर्ता चतुर्थीत जातो. घोडे कर्ता असतील तर तुमचा "क्रियापद कर्त्याकडे बघत नाही" हा नियमच उडाला की! मग ते साधं कर्त्याशी जुळणं झालं. हे कशावरून ठरवायचं?

प्रथमान्त

मास्तर, मुद्द्यावर बोट ठेवलंत. याच प्रश्नावर आइसलँडिकच्या जिवावर भाषाशास्त्रात गेल्या पन्नास वर्षांत ढीगभर लिखाण झालंय. १९७६ साली अ‍ॅव्हरी अँड्र्यूज यांनी दाखवलं की हा चतुर्थीवाला कर्त्यासारखा वागतो, मग १९८५ मध्ये अ‍ॅनी झेनन, जोन मेलिंग आणि होस्कुल्दुर थ्राइन्सन यांचा लेख आला, त्यात कसोट्याच लावून दिल्या आहेत.

एक कसोटी मराठीतही चालते. "तिला आपला भाऊ कंटाळवाणा वाटतो." इथे आपला म्हणजे तिचा स्वतःचा. हा "आपला" कोणाकडे बोट दाखवतो? साधारणपणे वाक्याच्या कर्त्याकडे. म्हणजे "तिला" हीच कर्त्याच्या खुर्चीत बसली आहे. आइसलँडिकमध्ये हुबेहूब, हेन्नी थीकिर ब्रोदिर सिन लेइदिन्लेगुर, सिन म्हणजे आपला, आणि तो हेन्नी कडेच जातो. दुसरी कसोटी जागेची. प्रश्न विचारताना क्रियापद पुढे येतं आणि लगेच मागे कर्ता, एर थेर काल्त? म्हणजे तुला थंडी वाजतेय का, चतुर्थीतला थेर बरोबर कर्त्याच्या जागी. मराठीत शब्दांची जागा इतकी मोकळी असते की ही कसोटी आपल्याला उपयोगी नाही, म्हणून तुमच्या स्टाफरूममधलं भांडण मिटत नव्हतं. माझं मत विचाराल तर कर्त्याची खुर्ची एकाची आणि क्रियापदाचा लगाम दुसऱ्याच्या हातात, हे दोन वेगळे अधिकार आहेत असं मानलं की दोन्ही भाषा सोप्या होतात.

आणि आता जिथे मराठी साथ सोडते ते सांगतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. मराठीत "तिला आम्ही आवडलो", "तिला तू आवडलास" बिनदिक्कत चालतं. आइसलँडिकमध्ये हेन्नी लीकुदुम विद असं म्हणून बघा, माणूस कान टवकारेल. चतुर्थीचा कर्ता असला की क्रियापद प्रथमेतल्या नामाशी वचनात जुळतं, पण पुरुषात जुळायला तयार नसतं. तो, ती, ते, घोडे, पुस्तकं हे सगळं चालेल, मी, तू, आम्ही, तुम्ही चालणार नाही. मग ते लोक काय करतात, वाक्य वळवतात, हेन्नी लीकादी विद ओक्कुर. यातला विद म्हणजे "आम्ही" नव्हे हं, तो शब्दयोगी, दिसायला सारखा. ओक्कुर द्वितीयेत गेला, प्रथमेत कोणी उरलं नाही, क्रियापद परत तृतीयपुरुषी एकवचन, भांडण खलास. कंटाळण्याच्या क्रियापदाचं लेइद्दिस्त हे भूतकाळी रूप मी, तू, तो तिघांनाही एकच आहे, तिथे मात्र काही जणांना "तिला माझा कंटाळा आला" हे वाक्य चालून जातं, कारण कोणाशी जुळलंय ते दिसतच नाही! चोरी पकडली जात नाही तोवर चोरी नाही असा प्रकार.

भटकी_वेल

मी फक्त टाळ्या वाजवायला आले होते पण एक विचारते. आपल्याकडे "राष्ट्रपती म्हणाल्या" असं सहज म्हणतो, पद पुल्लिंगी की स्त्रीलिंगी कोणी बघत नाही, बाई असल्या की म्हणाल्या. तिकडे काय? त्यांच्याकडे तर बाई राष्ट्राध्यक्ष खूप आधी झाल्या ना?

हाफनारफ्योर्दुरवाला

हो, विग्दीस फिन्बोगादोत्तिर, १९८० ला निवडून आल्या, १९९६ पर्यंत होत्या. जगात लोकांनी मतदान करून निवडलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. आता परत हात्ला तोमासदोत्तिर म्हणून बाईच आहेत, २०२४ पासून.

व्याकरण मात्र शब्दाचं लिंग धरतं. फोर्सेती हा राष्ट्राध्यक्षासाठीचा शब्द पुल्लिंगी. म्हणून विग्दीस वार कोसिन (स्त्रीलिंगी, निवडली गेली), पण नाव न घेता पद म्हटलं तर फोर्सेतिन वार कोसिन्न, पुल्लिंगी, जरी त्या बाई असल्या तरी. पुढच्या वाक्यात सर्वनाम आलं की सहज हून म्हणजे ती होऊन जातं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. आपलं "म्हणाल्या" मधलं आदरार्थी अनेकवचन वगैरे तर नाहीच, जुन्या काळी आदरार्थी थेर होता अनेकवचनी क्रियापदासकट, आता सगळ्यांना थू, राष्ट्राध्यक्षांनाही थू. माझ्या आईला हे अजून पटत नाही.

खरा वाद वेगळाच चालतो इकडे. स्त्रीपुरुष एकत्र असले की नियमाने नपुंसक अनेकवचन, आपल्या "मुलं आली" सारखं. मुलगा आणि मुलगी दमलेत, स्त्राउकुरिन ओग स्तेल्पान एरु थ्रेइत्त. इथवर सगळ्यांचं एकमत. पण "सर्वांचं स्वागत आहे" मध्ये परंपरेने पुल्लिंगी, आत्लिर एरु वेल्कोम्निर. आता बरेच जण म्हणतात पुल्लिंगी कशाला, नपुंसक ऑत्ल एरु वेल्कोमिन म्हणा. रूव म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्ही, तिथल्या बातम्यांत हे नपुंसक रूप ऐकू यायला लागल्यावर लोक पेपरात पत्रं लिहून भांडले. व्याकरणाच्या प्रत्ययावरून हातघाईवर येणारे लोक बघून मला तर घरी आल्यासारखंच वाटलं.

हिमकण

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. प्रथमा शोधायची हे एकदम डोक्यात बसलं, काल बसून धड्यातल्या वाक्यांवर प्रथमेतल्या नामाखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आणि अचानक सगळं जुळायला लागलं. थाद एरु थ्रीर हेस्तार, म्हणजे तिथे तीन घोडे आहेत, यात थाद एकवचन असून एरु का हे आधी कळत नव्हतं, आता कळलं की थाद नुसती जागा अडवून बसलाय, क्रियापद घोड्यांकडे बघतंय.

एकच शंका राहिली. मला ही पुस्तकं मजेशीर वाटतात, यासाठी पुस्तकात म्येर फिन्नास्त थेस्सार बाइकुर स्केम्तिलेगार आहे, अनेकवचनी फिन्नास्त. पण यूट्यूबवर एक बाई स्पष्टपणे म्येर फिन्स्त थेस्सार बाइकुर म्हणाली, एकवचनी. दोनदा मागे घेऊन ऐकलं. मग प्रथमेचा नियम गेला कुठे?

हाफनारफ्योर्दुरवाला

बरोबर ऐकलंत. रस्त्यावर दोन्ही ऐकू येतं. चतुर्थीचा कर्ता असलेल्या वाक्यात बरेच जण क्रियापद एकवचनातच ठेवून देतात. पण विशेषण बघा, स्केम्तिलेगार, ते मात्र स्त्रीलिंगी अनेकवचनीच राहिलं असणार, तिथे कोणी ढिलाई करत नाही. लिहिताना, परीक्षेत फिन्नास्त लिहा, बोलताना तोंडातून फिन्स्त गेलं तर कोणी वळूनही बघणार नाही.

ज्यावर वळून बघतील ते वेगळं. मिग लाउंगार म्हणजे मला हवंसं वाटतं, यात मिग द्वितीया आहे, पण खूप लोक त्याचं चतुर्थीत म्येर लाउंगार करतात. याला त्यांनी चक्क रोगाचं नाव दिलंय, थाउगुफाल्ससीकी, चतुर्थीचा आजार! शाळेत मास्तर लोक यावर लाल पेन चालवतात. म्हणून शब्द शिकताना नुसतं क्रियापद पाठ करू नका, कर्ता कुठल्या विभक्तीत येतो ते त्याच्यासोबतच पाठ करा, मिग लाउंगार, मिग वान्तार, म्येर लीकार, अशी जोडगोळी.

प्रथमान्त

यात भर एवढीच की नव्या पिढीत अजून एक प्रकार आहे, कर्मणी वाक्यात कर्म द्वितीयेतच ठेवायचं आणि क्रियापद नपुंसक एकवचन. थाद वार लामिद मिग, "मला मारलं गेलं". पुस्तकी भाषेत इथे मी प्रथमेत जाऊन येग वार लामिन्न व्हायला हवं, बाई असेल तर लामिन. मेलिंग आणि सिग्रीदुर सिगुर्योन्सदोत्तिर यांचा २००२ चा लेख यावरच आहे, शाळकरी मुलांना वाक्यं देऊन विचारलं होतं की असं म्हणतात का. मोठ्यांना ते अजून कानाला टोचतं, पण मराठी माणसाला ते सगळ्यात सोपं वाटेल, "मला मारलं" म्हणताना आपण तेच तर करतो. फक्त हिमकण, नोकरीच्या अर्जात वापरू नका.

आणि कुठलंही रूप अडलं तर बीन नावाचा रूपांचा कोश ऑनलाइन फुकट आहे, आउर्नी माग्नुसॉन संस्थेचा. शब्द टाका, सगळा तक्ता समोर. तुमच्या त्या सेल्दुरचा पण आहे, चारही विभक्तींसकट, बघून घाबरू नका.

मास्तर_गुहागर

चारही विभक्तींसकट? म्हणजे मुलांना आम्ही आठ पाठ करायला लावत होतो ते काही वाईट नव्हतं म्हणायचं. हिमकण, तो तक्ता मिळाला तर इथे टाका, मला बघायचाय.